गोळ्या कोणी थांबवल्या?

डॉक्टर आतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगावर अजून तो शिशाचा जड कोट होता. "स्टेंट बंद पडलाय," ते म्हणाले. "आत रक्ताची गुठळी झालीय. ती काढून नळी परत उघडतोय. इथं सही करा."

मी सही केली. कागद नर्सच्या हातात देत त्यांनी विचारलं, "गोळ्या कोणी थांबवल्या?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. "रोज सकाळी मी स्वतः त्यांच्या हातावर ठेवते."

"हातावर ठेवत असाल. पोटात गेल्या नाहीत. आज सातवा दिवस. टेबलावर पडल्या पडल्या त्यांनीच सांगितलं मला. हे नाना कोण?"

एवढं बोलून ते परत आत गेले. दार आपोआप लागलं. नवऱ्याच्या हार्ट अटॅकचं कारण आणि त्यामागचा माणूस, दोन्ही मला त्या एका मिनिटात कळले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. रडू आलं नाही. नानांच्या तोंडावर थुंकायचं, एवढंच डोक्यात होतं.

ज्यांच्या घरात कुणाला स्टेंट बसलाय, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. त्यांना उपयोग व्हावा असं वाटतं. पण फक्त त्यासाठी लिहिते म्हटलं तर ते खोटं होईल. मला राग आहे आणि तो लिहून ठेवायचा आहे.

मी निर्मला. जुन्या जालन्यात मस्तगडला राहते. शाळेत सातवीपर्यंतच्या वर्गांना विज्ञान शिकवत होते. आमचे हे, दिनकर, मोटार रिवाइंडिंगचं काम करायचे. नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला दुकान होतं. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की आसपासच्या खेड्यांतले लोक त्या बैलगाडीत, टेम्पोत, मोटारसायकलच्या मागे बांधून आणायचे. हे जळालेली तार काढायचे आणि नवी तांब्याची तार भरायचे. पन्नाशी गाठली तरी पाच हॉर्सपॉवरची मोटार एकटे उचलून टेबलावर ठेवायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. पहिला त्रास अशीच एक मोटार उचलताना झाला. छातीत दुखलं नाही. जबडा दुखला. दात दुखतोय असं समजून त्यांनी लवंग धरली. जिना चढतानाही जबडा दुखायला लागला तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे ओढून नेलं. ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख, काढल्यावर जालन्याच्या डॉक्टरांनी औरंगाबादची चिठ्ठी दिली. तिथं अँजिओग्राफी झाली. मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, औषध सोडतात आणि अडथळा कुठं आहे ते पडद्यावर बघतात. ह्यांची एक मुख्य वाहिनी जवळजवळ बुजली होती. फुग्यानं ती उघडून आत स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे पेनाच्या स्प्रिंगपेक्षा बारीक, जाळीची धातूची नळी. ती वाहिनी उघडी धरून ठेवते.

घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. टेबलावर दोन पाकिटं ठेवली. एक अ‍ॅस्पिरिन, दुसरी क्लोपिडोग्रेल.

"या दोन गोळ्या रोज," ते म्हणाले. "वर्षभर मला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत. दात काढायचा असला तरी आधी मला फोन करायचा. समजलं?"

"समजलं," हे म्हणाले.

मी शिक्षिका. मला 'समजलं' एवढ्यावर समाधान नव्हतं. या गोळ्या नक्की काय करतात, असं मी विचारलं. डॉक्टरांना घाई होती, तरी त्यांनी सांगितलं. मी ते पुढे वर्गातही सांगत आले, म्हणून इथंही सांगते.

रक्तात प्लेटलेट नावाच्या अगदी बारीक चकत्या असतात. कुठं कापलं की त्या जखमेवर धावून जातात, चिकटतात आणि एकमेकींना हाका मारतात. या हाका म्हणजे रसायनं. हाक ऐकून आणखी प्लेटलेट येतात, त्यांचा गठ्ठा होतो आणि रक्त थांबतं. बोट कापलं तर हे वरदान आहे. पण हृदयाच्या वाहिनीत बसवलेली धातूची जाळी त्यांना परकी वाटते. जखमच आहे समजून त्या तिथंही गोळा होतात. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटची एक हाक बंद करतं आणि क्लोपिडोग्रेल दुसरी. हाकच ऐकू आली नाही तर गठ्ठा होत नाही. हळूहळू जाळीवर शरीर आपलं अस्तर चढवतं, मग धोका कमी होतो. औषध लावलेल्या स्टेंटवर, आणि ह्यांचा तसाच होता, हे अस्तर उशिरा चढतं. तोवर गोळ्यांचा पहारा हवा.

लोक याला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. रक्त काही पातळ होत नाही. ते गोठायला उशीर लागतो, इतकंच. पण या 'पातळ' शब्दानंच आमचा घात केला.

चार महिने सगळं बरं चाललं. त्रास होता, तो बारीकसारीक. दाढी करताना कापलं की वीस-वीस मिनिटं रक्त थांबायचं नाही. ब्रश केला की हिरड्या लाल व्हायच्या. तारेचं भेंडोळं हातावर घासलं की निळे डाग उठायचे. मी औरंगाबादला फोन केला. डॉक्टर म्हणाले, "डाग पडणारच, ते गोळीचं काम चालू असल्याचं लक्षण आहे. शौचाला काळं झालं, उलटीत रक्त दिसलं किंवा डोकं एकदम ठणकायला लागलं तर ताबडतोब या. बाकी घाबरू नका." मी घाबरले नाही. हे घाबरले, पण मला बोलले नाहीत. ते नानांना बोलले.

नाना म्हणजे ह्यांचे चुलत भाऊ, वयानं पंचवीस वर्षांनी मोठे. ह्यांचे वडील लहानपणीच वारले. तेव्हा नानांनी ह्यांना भोकरदनजवळच्या गावातून जालन्याला आणलं, शाळेत घातलं, आयटीआयला पाठवलं. नाना जुन्या जालन्यातल्या एका डॉक्टरांकडे तीस वर्षं कंपाउंडर होते. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला आणि आमच्या घरासमोरच असलेल्या नानांच्या ओट्यावर लोक यायला लागले. सुरुवातीला कुणी औषधाची चिठ्ठी वाचून घ्यायला यायचं. मग 'ही गोळी घेऊ का न्हाई' विचारायला. मग नाना स्वतःच पुड्या बांधून द्यायला लागले. शेवटी लोक त्यांना 'डॉक्टरनाना' म्हणायला लागले आणि नानांनी कुणाला कधी अडवलं नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "माझ्याकडं बघा. पंचाहत्तरीला आलो, एक गोळी न्हाई." हे वाक्य मी लग्नापासून ऐकत होते.

ओट्यावर काय घडलं ते मला नंतर ह्यांनी सांगितलं. ह्यांनी बाही वर करून निळे डाग दाखवले, एक किडलेली दाढ दुखतेय तेही सांगितलं. नानांनी हात हातात घेतला, डागांवर बोट फिरवलं.

"दिनू, रक्ताचं पाणी करून राह्यला तू," नाना म्हणाले. "आन् दाढ बी दुखती म्हणतो? या गोळ्या चालू ठेवून दाढ काढली तर रक्त बंदच व्हायचं न्हाई. जाशील जागच्या जागी."

"मंग काय करू?"

"आठ दिवस दोन्ही बंद. दाढ काढून घे. मी पुडी देतो, रक्त साफ होतं तिनं. मंग बघू."

"डॉक्टर न्हाई म्हणले, नाना. एक दिवस बी बंद करू नका म्हणले."

"त्यांना काय, त्यांचं दुकान हाय. अन् निर्मलाला सांगू नको. ती मास्तरीण हाय, वाद घालत बसंल."

हे शेवटचं वाक्य मला जेव्हा कळलं, तेव्हा माझ्या अंगाची आग झाली. मी वाद घातला असता. त्या वादानं माझ्या नवऱ्याचं हृदय वाचलं असतं. नानांना ते माहीत होतं, म्हणूनच त्यांनी मला वगळलं.

गुरुवारपासून ह्यांनी गोळ्या बंद केल्या. सकाळी मी शाळेला निघताना हातावर ठेवायचे, तेव्हा हे "दुकानात चहाबरोबर घेतो" म्हणायचे आणि खिशात टाकायचे. रविवारी दुकान बंद असतं, तरी काम आहे म्हणून गेले. सोमवारी दाढ काढली. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत का? हे म्हणाले, न्हाई. ते त्या दिवशी खोटंही नव्हतं.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. नाना म्हणाले असतील, बघ, मी सांगत होतो. या आजारातली खरी फसवणूक हीच आहे, म्हणून नीट वाचा. अ‍ॅस्पिरिनची गोळी ज्या प्लेटलेटवर काम करते ती प्लेटलेट मरेपर्यंत गप्पच राहते. तिचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं. त्यामुळं गोळी बंद केली त्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या दिवशी होत नाही. पण शरीर रोज नव्या प्लेटलेट तयार करतं आणि या नव्यांना कुणी गप्प केलेलं नसतं. जुन्या मरत जातात, नव्या भरत जातात. आठवडा संपता संपता रक्तात हाका मारणाऱ्यांची संख्या पुष्कळ झालेली असते. आणि ती जाळी तिथंच, अस्तरावाचून अर्धवट उघडी.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला हे स्टुलावर बसून तार भरत होते. त्यांचे जुने कारागीर रहीमभाई समोर होते. रहीमभाई सांगतात, "भाभी, तार हातातच होती. घाम असा, जसं कुणी पाणी ओतलं. मला म्हणले, रहीम, दुकान बघ. अन् खाली बसले."

रहीमभाईंनी शटर अर्धं ओढलं, ऑटो थांबवला आणि ह्यांना मांडीवर घेऊन दवाखाना गाठला. मला शाळेत फोन आला. मी पोचले तेव्हा अँब्युलन्स निघायच्या बेतात होती. बदनापूर, शेकटा, करमाड. या रस्त्यानं आम्ही किती लग्नांना गेलो असू. त्या दिवशी प्रत्येक स्पीडब्रेकरला हे कण्हायचे आणि ड्रायव्हर "झालंच, झालंच" म्हणायचा. मी ह्यांना विचारत होते, सकाळी गोळ्या घेतल्या ना? ते डोळे मिटून घेत होते. मला वाटलं, वेदनेनं.

डॉक्टरांनी वाहिनी परत उघडली. जीव वाचला. पण दुकानापासून टेबलापर्यंत जवळजवळ चार तास गेले होते. तेवढ्या वेळात हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग रक्तावाचून मेला. तिसऱ्या दिवशी इको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डॉक्टरांनी पडद्यावर मला दाखवलं. हृदयाची एक बाजू आकुंचन पावत होती. दुसरी नुसती तिच्याबरोबर हलत होती, लोंबणाऱ्या पडद्यासारखी.

"हा भाग परत येईल?" मी विचारलं.

"नाही."

ते इतकं सरळ बोलले याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. खोटा धीर दिला असता तर मी वर्षभर वाट बघत बसले असते.

आयसीयूच्या बाहेर सात दिवस काढले. तिथल्या बाकावर बसलेली माणसं एकमेकांना धीर देतात. कुणी म्हणायचं देवाची मर्जी, कुणी म्हणायचं नशीब. मी मान हलवायची. आमच्याकडे ना देवाचा हात होता ना नशिबाचा. आमच्या गोष्टीतल्या माणसाला नाव होतं, पत्ता होता, ओटा होता.

नाना भेटायला आले. पिशवीत मोसंबी होती. ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले. बाहेर येऊन मला म्हणाले, "जे व्हायचं ते होतंच, निर्मला. माझी पुडी बराबर घेतली न्हाई त्यानं."

मी मोसंबीची पिशवी बाकाखाली सरकवली. हॉस्पिटलमध्ये ओरडायचं नसतं. पण मी त्याच क्षणी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

घरी आल्यावर रहीमभाईंनी एक डबी आणून दिली. दुकानातली, वॉशर ठेवायची पत्र्याची डबी. तिच्यात चौदा गोळ्या होत्या. सात दिवसांच्या, दोन दोन. मी त्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओतल्या आणि मोजल्या. परत डबीत भरल्या आणि डबी कपाटात ठेवली.

एका वकिलांना भेटले. त्यांनी विचारलं, "काही लिहून दिलंय त्यांनी? फी घेतली? साक्षीदार?" तीनदा नाही म्हणून मी घरी आले. तक्रारीचा कागद लिहिला तर त्यावर सही ह्यांची लागणार होती, आणि हे सही करणार नव्हते. ह्यांच्यासाठी नाना बापाच्या जागी होते.

पुढचे दोन महिने मी बाहेरून शांत होते. गोळ्या द्यायचे, तोंड उघडायला लावून बघायचे, मग शाळेत जायचे. वर्गात फळ्यावर हृदयाची आकृती काढायचे आणि खडू हातात मोडायचा. मनातल्या मनात मी नानांना रोज काहीतरी शिक्षा करत होते. त्यांचा ओटा फोडत होते. ते जिन्यावरून पडत होते आणि मी बघत उभी होते. मी देवभोळी नाही, तरी त्यांचं वाईट व्हावं म्हणून एकदा मंदिरात गेले होते. हे लिहायला मला लाज वाटत नाही. आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या बायकांच्या मनात काय काय येतं ते कुणीच लिहीत नाही, म्हणून लिहिते.

आणि मग औषधाच्या दुकानात एक गोष्ट घडली.

आमच्या कोपऱ्यावर कांतीशेठचं मेडिकल आहे. दोन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर. ह्यांच्या गोळ्या बांधताना कांतीशेठ सहज म्हणाले, "भाभी, नानांची बी देऊन टाकू का? परवाच संपली असंल. अक्का आल्या न्हाईत या बारीला."

अक्का म्हणजे नानांच्या बायको, माझ्या थोरल्या जाऊबाई.

"कोणती गोळी?" मी विचारलं.

"हीच की. अ‍ॅस्पिरिन. दोन वर्षं झाली, अक्का दर महिन्याला बराबर नेतात." मग माझा चेहरा बघून ते थबकले. "काय झालं भाभी? मी काही बोललो का?"

"नाही," मी म्हणाले. "द्या, मी पोचवते."

मी ती पोचवली नाही. दुसऱ्या दिवशी कांतीशेठना परत केली आणि अक्का येतील तेव्हा त्यांनाच द्या म्हणून सांगितलं. नानांची गोळी चुकावी असं मला वाटत होतं. ते माझ्या हातानं व्हावं असं वाटत नव्हतं. हा फरक मला तेव्हा फार मोठा वाटला.

दोन वर्षं. म्हणजे ओट्यावर बसून दिनूला 'बंद कर' सांगत होते त्या दिवशीही त्यांच्या स्वतःच्या पोटात तीच गोळी होती. नंतर कळलं, लेकीकडे नाशिकला असताना त्यांचं तोंड अर्धा तास वाकडं झालं होतं, शब्द बोबडे येत होते. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात गुठळी अडकून सुटली होती. तिथल्या डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन चालू केलं. नानांनी ते निमूट घेतलं आणि अक्कांना शपथ घातली की जालन्यात कुणाला कळता कामा नये. 'एक गोळी न्हाई' म्हणणारा माणूस गोळीवर जगतोय हे कळलं असतं तर ओट्यावर कोण आलं असतं?

मी ह्यांनाही सांगितलं नाही. नानांची पंचाहत्तरी महिन्यावर आली होती. मंगल कार्यालय ठरलं होतं. ज्यांना नानांनी बरं केलं ते लोक बोलणार होते. मी पुतण्याला, नानांच्या मुलाला, निरोप दिला, 'मलाही दोन मिनिटं बोलायचंय.' सगळ्यांना आनंद झाला. घरातली शिकलेली सून नानांबद्दल बोलणार.

भाषण मी पाठाच्या टाचणवहीत लिहिलं. चार वेळा खोडलं. शिव्या होत्या त्या काढल्या. शिवी दिली असती तर लोकांनी शिवीच लक्षात ठेवली असती.

कार्यक्रम दुपारी होता. नाना फेटा बांधून खुर्चीत बसले होते. आमचे हे पहिल्या रांगेत, दोन उशा पाठीशी घेऊन. एक बियाण्यांचे व्यापारी बोलले, गुडघा बरा झाला म्हणून. एक निवृत्त तलाठी बोलले. मग माझं नाव पुकारलं.

मी माइक खाली केला. आधी प्लेटलेट म्हणजे काय ते सांगितलं, सातवीच्या वर्गाला सांगते तसं. लोक ऐकत होते. मग स्टेंट सांगितला. मग पर्समधून डबी काढली आणि नानांच्या पुढच्या टेबलावर, शाल-नारळाच्या शेजारी ठेवली.

"या चौदा गोळ्या," मी म्हणाले, "आमच्या ह्यांनी सात दिवस घेतल्या नाहीत. नानांनी घेऊ नको सांगितलं म्हणून. आज ह्यांचं अर्धं हृदय चालत नाही. मला नानांना एवढंच विचारायचंय. नाना, तुम्ही स्वतः रोज जेवणानंतर कोणती गोळी घेता?"

पुतण्या माइक घ्यायला पुढे आला. नानांनी त्याला हातानं थांबवलं. ते हसले. तीस वर्षं लोकांशी बोललेला माणूस तो.

"मी? मला कशाला गोळी लागती?" ते माझ्याच माइकमध्ये म्हणाले. "पोरगी दुःखात हाय. तिचं मनावर घेऊ नका."

काही लोक मान डोलवायला लागले. मी कांतीशेठचं नाव घेणार नव्हते. पुढं काय बोलायचं ते मी लिहून आणलं नव्हतं. मी हरले असं मला वाटलं.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून अक्का उठल्या. सत्तरीची बाई, कधी चारचौघांत तोंड न उघडलेली. त्या सावकाश पायऱ्या चढून आल्या. कमरेची पिशवी सोडली. आतून गोळ्यांचं अर्धं पाकीट काढलं आणि नानांपुढे ठेवलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "दुपारची राह्यली तुमची."

हे शब्द माइकमध्ये गेले. सगळ्यांनी ऐकले.

नाना काहीतरी बोलले. माझी गोष्ट येगळी हाय, असं काहीतरी. कुणी ऐकत नव्हतं. मागच्या रांगांतली माणसं उठायला लागली होती. बियाण्यांचे व्यापारी चप्पल शोधत होते. नानांचा फेटा एका बाजूला सरकला होता आणि तो नीट करायला कुणी पुढे आलं नाही. मी ते दृश्य डोळे भरून बघितलं. सूड घेऊन समाधान मिळत नाही असं म्हणतात. मला मिळालं.

ह्यांच्याकडे बघितलं तेव्हा ते कमी झालं. हे मान खाली घालून बसले होते.

पाचव्या दिवशी हे म्हणाले, "भर मंडपात फेटा उतरवला तू त्यांचा. मला ज्यानं भाकर दिली त्याचा."

"आणि तुमचं हृदय?"

"गोळ्या मी न्हाई घेतल्या, निर्मला. नानांनी सांगितलं, पण खिशात मी टाकल्या. तुझ्याशी खोटं मी बोललो. मला दे की काय शिक्षा द्यायची ती."

मी उठून त्यांच्यासाठी पाणी आणलं.

पण ओटा बंद झाला. त्यानंतरच्या महिन्यात पाच माणसं माझ्याकडे आली. नानांनी ज्यांची कसली ना कसली गोळी थांबवली होती, अशी. मी कुणालाही औषध सांगितलं नाही. मी डॉक्टर नाही, आणि नानांसारखं व्हायचं नव्हतं. ज्यानं गोळी चालू केली त्यालाच विचारा, एवढंच सांगत राहिले. भोकरदनकडचे एक शेतकरी होते, स्टेंट बसून तीन महिने झालेले, गोळ्या बंद करून तीन दिवस. त्यांना मात्र नुसतं सांगून मी थांबले नाही. आमच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. डॉक्टर फोनवर इतके ओरडले की मलाही ऐकू आलं. त्या माणसानं माझ्या दारातच, माझ्या तांब्यातलं पाणी पिऊन गोळ्या घेतल्या आणि लगेच औरंगाबादची बस धरली. ते वाचले. पुढच्या वर्षी तुरीची डाळ घेऊन आले होते.

त्या डॉक्टरांचे, रहीमभाईंचे आणि अक्कांचे उपकार मी विसरणार नाही. रहीमभाई आता दुकान चालवतात. हे सकाळी जाऊन खुर्चीत बसतात, कुठली तार भरायची ते सांगतात. मोटार उचलत नाहीत. घरी आले की आमच्या जिन्याच्या चौदा पायऱ्यांत तीनदा थांबतात. थांबले की कठडा धरून खाली बघतात, जणू काही पडलंय ते शोधतायत. कुणाला कळू नये म्हणून.

तुमच्या घरात या गोळ्या असतील तर हातावर ठेवून निघून जाऊ नका, घेईपर्यंत उभं राहा. निळे डाग पडले म्हणून शेजाऱ्याला विचारू नका, डॉक्टरांना विचारा. दात, ऑपरेशन, काहीही असो, आधी विचारा. आणि कुणाचं तरी ऐकून हीच गोळी स्वतः चालूही करू नका. तिच्यानं पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मेंदूतही होऊ शकतो. नाना त्याबाबत खोटं बोलत नव्हते. धोका दोन्ही बाजूंना आहे. कुठला मोठा, ते ज्याला कळतं त्यालाच ठरवू द्या.

मला लोक सांगतात, आता सोडून द्या, म्हातारा माणूस आहे. मी सोडलेलं नाही.

गेल्या संक्रांतीला अक्का घरी आल्या. वाण देऊन झालं, चहा झाला. जाताना दारात थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुला एक विचारू? तू त्यांना माफ केलं का गं?"

"नाही, अक्का."

त्यांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं नाही, निदान तसं दिसलं नाही.

"गोळी वेळेवर घेतात ना?" मी विचारलं.

"घेतात. आता मी लपवून देत न्हाई. सगळ्यांसमोर देते."

"चुकू देऊ नका," मी म्हणाले. "मला नाना पुष्कळ वर्षं जगायला पाहिजेत. रोज संध्याकाळी ते ओट्यावर बसतात, तिथून आमचा जिना दिसतो. ह्यांना तो चढताना त्यांनी बघायला पाहिजे."